कारणे द्या

‘कारणे द्या : युरोपीय देशांना भारताकडे जाणारा नवा जलमार्ग शोधण्याची गरज वाटू लागली.’ इतिहासाच्या पेपरात हा प्रश्न आला नाही तर चुकल्यासारखं वाटायचं. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, उत्तर तयार असतं: इ.स. १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकलं, आशिया आणि युरोपला जोडणारे खुष्कीचे मार्ग बंद झाले, मसाल्याचे पदार्थ मिळेनासे झाले, म्हणून. मीही हेच लिहून पूर्ण मार्क घेतले आहेत. ते परत करायची सोय नाही, म्हणून हे प्रकरण.

या उत्तराची पहिली अडचण तारखांची. पोर्तुगीजांनी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचं सेउटा हे बंदर घेतलं १४१५ साली. सहाराच्या किनाऱ्यावरचं बोजादोर भूशिर त्यांनी मागे टाकलं १४३४ मध्ये. आफ्रिकेतली माणसं पकडून आणून पोर्तुगालमध्ये विकायला लागले तेही १४४० नंतरच्या चार-पाच वर्षांत. म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपल पडलं तेव्हा या उद्योगाला अडतीस वर्षं होऊन गेली होती. वरात आधी निघाली आणि साखरपुडा मागून झाला, असं काहीसं आपलं उत्तर आहे.

दुसरी अडचण नकाशाची. मलबारची मिरी युरोपात जायची ती अरबी समुद्रातून एडनला, तिथून तांबड्या समुद्रातून वर, मग कैरो आणि अलेक्झांड्रिया. अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर व्हेनिसची जहाजं दरवर्षी ठरलेल्या हंगामात उभी असत. या वाटेवर कॉन्स्टॅन्टिनोपल लागतच नाही. अलेक्झांड्रिया होतं मामलुक सुलतानांच्या ताब्यात, आणि तुर्कांनी मामलुकांचा इजिप्त जिंकला तो १५१७ मध्ये. तोवर वास्को-द-गामा कालिकतला येऊन गेल्याला एकोणीस वर्षं झाली होती. शिवाय व्यापारी अडवून सुलतानाचा काय फायदा? जकात तर त्याच्याच खजिन्यात पडते. व्हेनिसच्या लोकांना हे नीट कळत होतं. शहर पडल्यावर वर्षभरात, १४५४ मध्ये, त्यांनी नव्या मालकाशी तह करून आपली पेढी पुन्हा उघडली.

१४५३ ची घटना बिनमहत्त्वाची होती असं मला म्हणायचं नाही. काळ्या समुद्रातल्या व्यापारावर जगणाऱ्या जिनोआच्या सावकारांना ती जड गेली, आणि त्यांचा पैसा व माणसं पश्चिमेकडे, स्पेन-पोर्तुगालकडे सरकण्याला तिने हातभार लावला. पण ही सातवी-आठवी ओळ झाली, पहिली नव्हे. आणि हो, युरोपातले लोक सडक्या मांसाची चव झाकायला मिरी वापरत, हेही सोडून द्यावं. मिरीएवढा महाग जिन्नस ज्याला परवडतो त्याला ताजं मांसही परवडतं.

मग पोर्तुगीज निघाले कशासाठी? माझं म्हणणं एवढंच आहे, की घरून निघताना जे कारण होतं ते वाटेत बदललं, एकाची चार झाली, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत मूळ कारण कुठलं हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. आपण शेवटचं कारण उचलून पहिल्या पानावर लिहिलं.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा पोर्तुगाल म्हणजे युरोपच्या कोपऱ्यातला लहानसा, फारसा पैसा नसलेला देश. १४११ मध्ये शेजारच्या कॅस्टिलशी तह झाला आणि तलवारीवर पोट असलेले सरदार रिकामे बसले. राजा जुआंव पहिला याचे मुलगे वयात आले होते. त्यांना सरदारकीचा किताब मेजवानीत नको होता, लढाईत हवा होता. देशात गहू पुरत नव्हता. आणि सोनं? पोर्तुगालच्या टांकसाळीत कित्येक वर्षं सोन्याचं नाणं पडलं नव्हतं. सोनं कुठून येतं हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. १३२४ मध्ये मालीचा सम्राट मन्सा मूसा हज यात्रेला जाताना कैरोत उतरला आणि त्याने एवढं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला. १३७५ च्या सुमारास माजोर्का बेटावर तयार झालेल्या प्रसिद्ध नकाशात सहाराच्या दक्षिणेला तो हातात सोन्याचा गोळा धरून बसलेला दाखवला आहे. सोन्याचे हे तांडे उंटांवरून वाळवंट ओलांडून मोरोक्कोच्या बंदरांत येत, आणि सेउटा त्यांपैकीच एक.

२१ ऑगस्ट १४१५ ला सेउटा एका दिवसात पडलं. राजपुत्रांना किताब मिळाले. पण ख्रिस्ती लोकांनी बंदर घेतल्यावर तांडे दुसऱ्या बंदरांकडे वळले आणि पोर्तुगालच्या गळ्यात राहिला एक तट, त्याची शिबंदी आणि तिचा खर्च. तिसरा राजपुत्र एन्रिक, म्हणजे पुस्तकातला ‘हेन्री द नॅव्हिगेटर’, याने यातून एक धडा घेतला: सोन्याच्या वाटेच्या टोकाशी बसून उपयोग नाही, समुद्रातून वळसा घालून उगमाशी जायला हवं. नॅव्हिगेटर ही पदवी त्याला एकोणिसाव्या शतकातल्या इतिहासकारांनी दिली. तो स्वतः कधी मोरोक्कोच्या पलीकडे गेला नाही. जहाजं पाठवायची, खर्च करायचा आणि आलेल्या मालात वाटा घ्यायचा, हे त्याचं काम.

हेन्रीने हे सगळं का केलं, याचं उत्तर त्याच्या हयातीतच एकाने लिहून ठेवलं आहे. राजदरबारचा बखरकार गोमेस एआनेस दे झुरारा याने गिनीच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याच्या, शोधाची बखर राजाला सादर केली ती १४५३ च्या फेब्रुवारीत. कॉन्स्टॅन्टिनोपल पडलं मे महिन्यात! त्याने पाच कारणं दिली आहेत. बोजादोरच्या पलीकडे काय आहे हे जाणून घ्यायचं होतं. तिकडे ख्रिस्ती वस्ती असलीच तर तिच्याशी व्यापार करायचा होता. मूरांचं, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांचं, राज्य कुठवर पसरलं आहे याचा अदमास हवा होता. त्यांच्याविरुद्ध मदत करील असा एखादा ख्रिस्ती राजा सापडतो का पाहायचं होतं. आणि धर्मप्रसार. या यादीत मिरी नाही, वेलदोडे नाहीत आणि हिंदुस्थानही नाही.

एवढ्यावर झुराराचं समाधान झालं नाही. त्याने सहावं कारण जोडलं, आणि ते बाकीच्या पाचांच्या मुळाशी असल्याचं सांगितलं: हेन्रीची पत्रिका. मेष लग्न, लग्नेश मंगळ, आणि तो पडलेला अकराव्या घरात. असा माणूस मोठ्या मोहिमा काढणार आणि गुप्त गोष्टींचा छडा लावणार, हे ग्रहांनीच ठरवलेलं. त्यांच्याकडच्या ज्योतिषात अकराव्या घराला आशेचं घर म्हणत. आपल्याकडे त्यालाच लाभस्थान म्हणतात. दोन्ही नावं पुढे खरी ठरली.

बोजादोरचं भूशिर आज नकाशावर शोधावं लागतं, एवढं ते किरकोळ आहे. पण त्याच्या अलीकडून हेन्रीची जहाजं वर्षानुवर्षं परत फिरत होती. किनाऱ्यापासून दूरवर समुद्र उथळ, लाटा फुटतात, वाळूचं धुकं असतं आणि जमिनीवर झाड म्हणून नाही. खरी भीती मात्र वाऱ्याची होती, आणि ती कोकणातल्या तांडेलाला समजावून सांगावी लागणार नाही. त्या किनाऱ्यावर वारा जवळजवळ बारा महिने ईशान्येकडून वाहतो आणि पाण्याचा ओढही दक्षिणेलाच. जाताना शीड भरून सुखात जाता येतं. येताना तोच वारा नाकावर. वल्ही मारून मारून किती मारणार?

पोर्तुगालच्या लागोश बंदरातला जिल एआनेस नावाचा शिपाईगडी १४३३ मध्ये असाच अर्ध्या वाटेवरून परतला होता. हेन्रीने त्याला पुन्हा पाठवलं. १४३४ मध्ये त्याने भूशिरापासून लांब, खोल समुद्रातून जहाज नेलं आणि पलीकडे जाऊन किनाऱ्याला लागला. तिथे ना माणूस, ना वस्तीची खूण. गेल्याचा पुरावा म्हणून त्याने तिथली काही रोपटी आणली. पोर्तुगालमध्ये तसल्या झाडाला सांता मारियाचे गुलाब म्हणत. वर्षानुवर्षांच्या खर्चाची ही पहिली आवक.

परत येण्याची युक्ती पोर्तुगीज खलाशांना हळूहळू सापडत गेली, आणि माझ्या मते त्या शतकातला मोठा शोध तोच. घरी जायचं तर घराकडे तोंड करायचं नाही. किनारा सोडून वायव्येला, भर अटलांटिकमध्ये घुसायचं, अझोर्स बेटांच्या अक्षांशापर्यंत वर चढायचं, तिथे पश्चिमेचा वारा मिळाला की मग पोर्तुगालकडे वळायचं. याला ते ‘व्होल्ता दो मार’ म्हणत, समुद्राचा वळसा. तिरक्या वाऱ्यावरही चालणारं तिकोनी शिडाचं कॅरावेल हे जहाज या कामाला चांगलं होतं. पण जमीन दिसेनाशी होत असताना हा रस्ता घराकडे जातो यावर विश्वास ठेवणं, हे शिडापेक्षा अवघड.

आता पैशाची गोष्ट. १४४१ मध्ये बोजादोरच्या पुढच्या किनाऱ्यावरून पहिली काही माणसं पकडून आणली गेली. ८ ऑगस्ट १४४४ ला लागोशला सहा जहाजांतून २३५ माणसं उतरवली. ऑगस्टचं ऊन बाधू नये म्हणून भल्या पहाटे त्यांना गावाबाहेरच्या मैदानात नेलं. वाटे पाडायचे होते. झुराराने हा प्रसंग तपशिलाने लिहिला आहे. कुणी माना खाली घालून बसलं होतं, कुणी आकाशाकडे पाहून ओरडत होतं, कुणी जमिनीवर लोळत होतं. वाटे सारखे व्हावेत म्हणून बापाला एकीकडे आणि मुलाला दुसरीकडे काढलं, की मुलं धावत बापाकडे जात, आया लेकरांना पोटाशी धरून पालथ्या पडत आणि मार खात. गावचे लोक काम टाकून पाहायला आले होते. बखरकार दरबारचा, हेन्रीचा भाट म्हणावा असा. पण इथे त्याचंही मन द्रवलं आहे, आणि तसं तो कबूल करतो. हेन्री स्वतः घोड्यावर बसून हे पाहत होता. त्याच्या पाचव्या हिश्श्याची ४६ माणसं त्याने तिथल्या तिथे वाटून टाकली. एवढे आत्मे तरले याचं त्याला समाधान वाटलं, असं झुरारा म्हणतो.

याच झुराराने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली आहे. आधी जे लोक हेन्रीच्या खर्चाला नावं ठेवत होते, तेच माणसांनी भरलेली जहाजं आल्यावर त्याची स्तुती करू लागले आणि आपलीही जहाजं पाठवायला परवानगी मागू लागले. हे कारण यादीत नव्हतं. पण मोहिमा चालू राहिल्या त्या यामुळे.

पुढे सगळं भराभर घडलं. १४५५ मध्ये पोपने एका फर्मानाने हा किनारा आणि तिथला व्यापार पोर्तुगालला बहाल केला, आणि माणसं गुलाम करण्यालाही धर्माची संमती दिली. कॉन्स्टॅन्टिनोपल पडल्यावर पोपने तुर्कांविरुद्ध धर्मयुद्धाची हाक दिली तेव्हा पोर्तुगालच्या राजाने तयारी म्हणून १४५७ मध्ये सोन्याचं नवं नाणं पाडलं, क्रुझादो. त्यावर क्रूस होता आणि सोनं होतं आफ्रिकेचं. युद्ध झालं नाही, नाणं चाललं. हेन्री १४६० मध्ये वारला. १४६९ मध्ये राजाने हा सगळा किनारा फर्नांव गोमेस या लिस्बनच्या व्यापाऱ्याला चक्क ठेक्याने दिला: वर्षाला दोन लाख रैश भरायचे आणि दरवर्षी शंभर लीग, म्हणजे साडेपाचशे-सहाशे किलोमीटर, नवा किनारा शोधून द्यायचा. जगाचा शोध टेंडरवर गेल्याचं हे बहुधा पहिलं उदाहरण. ठेकेदाराच्या माणसांना १४७१ मध्ये हवं ते सापडलं, आजच्या घानाचा सोन्याचा किनारा. १४८२ मध्ये तिथे एल्मिनाचा किल्ला उभा राहिला. ज्या सोन्यासाठी १४१५ मध्ये सेउटा घेतलं, ते सदुसष्ट वर्षांनी असं हाताला लागलं.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण जुआंव दुसरा हा राजा हिशेबी होता आणि त्याच्या हिशेबात आता प्रथमच हिंदुस्थान ठळकपणे आला. त्याने १४८७ मध्ये दोन माणसांना दोन वाटांनी पाठवलं. बार्थोलोम्यू डायस समुद्रातून गेला आणि १४८८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून परतला. दुसरा पेरो दा कोव्हिलिआंव. याला अरबी येत होतं. तो आणि त्याचा सोबती मधाचे व्यापारी बनून अलेक्झांड्रियाला उतरले. सोबती पुढे वारला. कोव्हिलिआंव एडनहून अरबी जहाजाने कण्णूर, कालिकत आणि गोवा पाहून आला. गोवा तेव्हा घोड्यांच्या व्यापाराचं भरभराटीचं बंदर होतं. महमूद गवानने ते १४७२ मध्ये विजयनगरकडून घेतलं होतं आणि अरबस्तानातले घोडे दख्खनच्या फौजांसाठी तिथे उतरत. वास्को-द-गामाच्या आठ-नऊ वर्षं आधी एक पोर्तुगीज माणूस मांडवीच्या काठावर भाव विचारत हिंडून गेला, हे गोव्यातही फार जणांना माहीत नसतं.

मधल्या काळात कोलंबस याच राजाकडे पश्चिमेकडून आशियाला जायची योजना घेऊन आला होता. राजाच्या तज्ज्ञांनी ती नाकारली. ते पृथ्वी सपाट समजत होते म्हणून नव्हे. ती किती मोठी आहे हे त्यांना कोलंबसापेक्षा नीट ठाऊक होतं म्हणून. हिशेबात ते बरोबर होते. अमेरिका मध्ये आडवी येईल हे कुणाच्याच हिशेबात नव्हतं.

वास्को-द-गामा ८ जुलै १४९७ ला निघाला, चार जहाजं आणि सुमारे १७० माणसं घेऊन. दक्षिण अटलांटिकमध्ये त्याने असा मोठा वळसा घेतला की तीन महिने जमीन दिसली नाही. कोलंबसाला ती दिसली नव्हती जेमतेम पाच आठवडे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मालिंदीला त्याला जाणता वाटाड्या मिळाला आणि वाऱ्याच्या हंगामाने तेवीस दिवसांत अरबी समुद्र ओलांडून दिला. मे १४९८ मध्ये कालिकतसमोर नांगर पडले. पाहणीला उतरवला तो एक शिक्षा झालेला कैदी. मेलाच तर नुकसान नको. किनाऱ्यावर त्याची गाठ पडली ट्युनिसच्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांशी, आणि ते त्याच्याशी चक्क कॅस्टिलच्या भाषेत बोलले. कशाला तडमडलात इथे, अशा अर्थाचं त्यांनी विचारलं. ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला आलोय, हे त्याचं उत्तर. तेव्हा कुठे मसाले आले यादीत, आणि तेही ख्रिस्ती लोकांच्या मागून.

ख्रिस्ती लोक तर त्यांना लगेच दिसलेही. वाटेत एका देवळात नेलं तेव्हा आतली देवी म्हणजे मेरीमाता समजून त्यांनी गुडघे टेकले. भिंतीवरच्या संतांना चार-पाच हात आणि बाहेर आलेले दात आहेत, एवढं खटकलं. पण ऐंशी वर्षं ज्यांना शोधत होतो ते समोर दिसत असताना दातांवरून कोण वाद घालणार?

कालिकतच्या राजाला, सामुतिरीला, द्यायचा नजराणा मात्र मुळापासून फसला. पट्टेरी कापडाचे बारा तागे, चार लाल टोप्या, सहा हॅट, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायच्या सहा भांड्यांची पेटी, साखरेची एक पेटी, तेलाची दोन आणि मधाची दोन पिंपं. सामुतिरीच्या अधिकाऱ्यांनी हे पाहिलं आणि ते हसले. मक्केचा साधा व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, राजाला द्यायचं तर सोनं द्या, म्हणाले. ही यादी मी अनेकदा वाचली आहे आणि दरवेळी मला त्यात गिनीचा किनारा दिसतो. असल्या मालावर पोर्तुगीजांनी पश्चिम आफ्रिकेत पन्नास वर्षं व्यापार केला होता. कालिकतच्या बाजारात चीनपासून कैरोपर्यंतचा माल उतरत होता, आणि हे हात धुवायची भांडी घेऊन आले होते.

जाताना गामाने हट्टाने ऑगस्टअखेर नांगर उचलला. नारळी पौर्णिमेनंतर किनाऱ्यावरचा समुद्र निवळतो खरा, पण आफ्रिकेला जायचं तर निवळलेला समुद्र पुरत नाही, पाठीशी ईशान्येचा वारा लागतो, आणि तो धरायला थांबावं लागतं. मधे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जहाजं डागडुजीला थांबली. तिथे पांढरे कपडे घातलेला, व्हेनिसची बोली सफाईने बोलणारा एक चाळिशीचा माणूस गोव्याहून भेटीला आला. गोव्याच्या मुसलमान सरदाराच्या चाकरीतला. याचा संशय येऊन त्याला फटके मारले, तेव्हा तो हेरगिरीला आल्याचं बाहेर पडलं. हा मूळचा ज्यू. त्याला पकडून नेलं, बाप्तिस्मा दिला, गास्पार दा गामा असं नाव ठेवलं. कुठल्या बंदरात काय पिकतं, कुणाकडे किती फौज, हे त्याने लिस्बनमध्ये सांगितलं आणि पुढच्या आरमाराबरोबर दुभाषा म्हणून तो परत आला. येताना तेवीस दिवसांत ओलांडलेला समुद्र जाताना जवळजवळ तीन महिने संपेना. हिरड्या सुजून तीस माणसं त्यात मेली. निघालेल्यांपैकी निम्म्याहून कमी घरी पोचले.

१५०० मध्ये काब्रालबरोबर तेरा जहाजं निघाली, तोफांसह. नजराण्याचा प्रश्न आता तसा उरला नव्हता. मिरी हे कारण तिथून पुढचं, आणि १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतलं तेही त्याच्या पुढचं.

पण झुराराच्या यादीतलं चौथं कारण, मदतीला येणारा ख्रिस्ती राजा, हे काही सुटलं नाही. बाराव्या शतकापासून युरोपात ‘प्रेस्टर जॉन’ नावाच्या अफाट श्रीमंत राजाची कहाणी फिरत होती. त्याची फौज पलीकडून येईल आणि मूरांना कोंडीत पकडेल, अशी आशा. मघाचा कोव्हिलिआंव कैरोत परतला तेव्हा जुआंव राजाची माणसं त्याची वाट पाहत होती: प्रेस्टर जॉनचा पत्ता लावल्याशिवाय घरी यायचं नाही. त्याने हिंदुस्थानचा वृत्तांत त्यांच्यातल्या एका मोच्याबरोबर पाठवला आणि तो इथिओपियात शिरला. तिथे खरोखरच ख्रिस्ती राजा होता. त्याने कोव्हिलिआंवला जमीन दिली, बायको दिली, मान दिला, फक्त परत जाऊ दिलं नाही. १५२० मध्ये हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज आरमारातून एक वकिलात इथिओपियाला गेली, तेव्हा दरबारात एक म्हातारा पोर्तुगीज बोलत पुढे आला.

आणि ज्या राजाच्या फौजेवर एवढी भिस्त होती, त्याच्या राज्यावर काही वर्षांतच अहमद ग्रान्य हा मुसलमान सेनापती चालून आला. प्रेस्टर जॉनच्या वंशजानेच पोर्तुगीजांकडे मदत मागितली. १५४१ मध्ये गोव्याहून निघालेल्या आरमारातून चारशे बंदूकधारी मासावा बंदरात उतरले. त्यांचा नायक होता क्रिस्तोव्हांव दा गामा, वास्कोचा मुलगा. पुढच्या वर्षी तो जखमी होऊन पकडला गेला, आणि अहमद ग्रान्यच्या छावणीत त्याचं डोकं उडवलं.